रूथसाठी जुनेराची गोधडी

ता. ४ डिसेंबर १९३८, लोणावळे

दिवाळीपासून वहीला हात लावला नाही, याची माफी असावी. कोणाकडे मागतो आहे ते ठाऊक नाही. चौथीपर्यंत शिकलो, त्यातले एवढेच राहिले, उशीर झाला की आधी माफी. थंडीने बोटे वळत नाहीत, आणि दिवसभर रूथ. तीन वर्षांची पोर दोन म्हाताऱ्यांना पुरून उरते. तिची आई शांताबाई दवाखान्यात नर्स. नवरा गेल्यापासून इथे त्यांचे कोणी नाही. सकाळी ड्यूटीवर जाताना पोर आमच्या ओट्यावर सोडतात, दिवेलागणीला नेतात.

आज जाताना बाई म्हणाल्या, नाताळ आला. सहज म्हणाल्या. मला मात्र घोर लागला. त्यांच्यात त्या दिवशी मुलांना काहीतरी देतात. पोर आमच्या मांडीवर वाढते, मग आम्ही रिकाम्या हाताने कसे बसायचे?

ता. ७

बाजारात गेलो. डोळे मिटणारी बाहुली पाहिली. किंमत ऐकून जागच्या जागी ठेवली. दुकानदार हसला, "बघा की आबा, बघायचे पैसे न्हाई घेत." लाकडी घोडा होता, पण त्याचा रंग बोटाला लागला. रूथ सगळे तोंडात घालते. नको. शिट्टी घ्यावी असे घरी येऊन म्हटले, तर सौ. म्हणते, "जल्मभर रेल्वेत सांधेवाले व्हतात, अजून कान किटलं न्हाईत व्हय?"

ता. ८

सौ. गोधडी शिवणार. तिचे जुने लुगडे, माझे धोतर. लेकराला जुनेच लाभते, म्हाताऱ्याच्या अंगावरचे कापड म्हणजे म्हाताऱ्याचे आयुष्य, हे मलाही मान्य. पण त्यांच्या सणाला सगळे नवे लागते. गेल्या साली रू.ला झगा नवा, बूट नवे, रिबीनसुद्धा नवी. चिंध्या दिल्या म्हणतील. हे सगळे सौ.ला सांगितले. तिने सुई पुढे केली, ओवून द्या म्हणाली. दोघांच्या डोळ्यांनी मिळून एकदाचा दोरा गेला.

ता. १४

शेजारच्या भिकूने ओट्यावर पसरलेले काम पाहिले. कोणासाठी ते सांगितले.

"नव्या सणाला जुनेर! आबा, बाई पोर दुसरीकडं ठिवंल, बघा."

थट्टा केली त्याने. त्याच्या तोंडाला लगाम नाही, सगळ्या आळीला माहीत आहे. तरी रात्री भाकरी गेली नाही. खरेच दुसरीकडे ठेवली तर. सकाळी दार उघडायचे ते मग कशाला

ता. २२

पौष लागला. पौषात आपण नवे काही करत नाही, आणि हे देणे नेमके पौषात. सौ.ला म्हटले. "मग जुनंच बरं की," म्हणाली. तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. गोधडीचा एक कोपरा उलटा घालून ठेवते, मला बघू देत नाही. शिवण वाकडी गेली असणार.

ता. २५, नाताळ

दिली. बाई सकाळी त्यांच्या देवळातून परभारे आल्या, करंज्या आणि केक घेऊन. गोधडी उचलून गालाला लावली. म्हणाल्या, "आबा, नवं कापड हिला टोचतं. हे किती मऊ आहे." तोंडाकडे नीट पाहिले, खोटे वाटले नाही.

रू. गोधडी डोक्यावर घेऊन ओटाभर आगगाडी झाली. मला सिग्नल केले. हात आडवा धरून उभा राहिलो, खाली घेऊ देईना. खांदा अजून ठणकतो आहे. ठणको.

ता. २६

बाईंना आज ड्यूटी. दुपारी रू. इथे निजली. पांघरूण सारखे करायला गेलो, तर कोपऱ्यात हिरव्या खणाचा तुकडा, तळहाताएवढा. लगेच ओळखला. भाजे गावाहून आणलेल्या पेटीत तळाशी एक परकर होता, त्याचा. आमच्या मुलीचा. चार वर्षांची होऊन तापात गेली, तिचा.

रू. त्याच तुकड्यावर अंगठा घासत निजली होती.

सौ. भांडी घासत होती. विचारले, तरी हात थांबवला नाही. पेटीत कुजून जाणार होता, म्हणाली. मी म्हटले, गेलेल्या लेकराचे कापड जित्या लेकराला लावतात का? तेव्हा थांबली.

"तिची माया हाय ती. कुनाला बाधायची न्हाई."

मग उठून परसात गेली. भांडी तशीच.

ता. २७

रू.ला ताप. बाईंनी रजा काढली. सर्दीचा असेल म्हणतात. असेल.

ता. २८

ताप उतरत नाही. नगरला माहेरी जायचे आधीच ठरले होते, उद्या निघणार. तिथे त्यांची आई आहे, मोठा दवाखाना आहे. मी म्हटले, एवढ्या थंडीत, तापाच्या पोरीला घेऊन? म्हणाल्या, इथे एकटी मी किती पुरी पडणार.

संध्याकाळी कोटाच्या खिशात कात्री घालून त्यांच्याकडे गेलो. बाई पाणी तापवायला आत गेल्या. तो तुकडा उसवायचा, एवढेच मनात. रू.ने तो मुठीत धरलेला. बोटे सोडवली, तर झोपेतच पुन्हा धरला. मूठ कढत होती. कात्री तशीच घेऊन परत आलो.

ता. २९

स्टेशनवर पोचवायला गेलो. सौ. आली नाही, गुडघे म्हणाली. गाडीला वेळ होता. रू. आईच्या खांद्यावर, गोधडीत गुंडाळलेली. राहवले नाही, सगळे सांगून टाकले. तुकडा कोणाचा, ती कशाने गेली. म्हटले, पुण्याला गाडी बदलाल तेव्हा तेवढा काढून टाका, मी पाया पडतो.

बाई म्हणाल्या, "मला ठाऊक आहे, आबा. आजींनी टाका घालायच्या आधी मला विचारलं. म्हणाल्या, तुम्ही नर्स, तुम्हीच सांगा, चालंल का. मी म्हटलं, लावा."

म्हटले, मग मला का नाही विचारले?

त्यांनी रू.चे डोके झाकले. "त्या म्हणाल्या, तिचं नाव काढलं की तुम्ही उठून बाहेर जाता."

गाडी आली. पोचल्याबरोबर कार्ड टाकते म्हणाल्या. रू.ने डोळे उघडले, मला पाहिले, हसली नाही.

ता. ३०

ओटा रिकामा. सौ. तांदूळ निवडत होती. समोर बसलो. शेवटी विचारले, आपल्या मंजुळेला हिरवा रंग आवडायचा ना?

तिने वर पाहिले. सूप खाली ठेवले.

"लाल. हिरवा तुमीच आनला व्हता. दोन दिस रडली त्याच्यापायी."

मी उठलो नाही. मग तिने आणखी सांगितले. काही मला आठवत होते, काही आज नवेच कळले.

ता. ३ जानेवारी १९३९

टपालवाला आजही पुढे निघून गेला. त्याला थांबवून विचारले, तर पिशवी उघडून दाखवली. भिकू येऊन बसला, या खेपेस थट्टा केली नाही. नगरचे टपाल कधीकधी उशिरा येते म्हणाला. त्यावरून त्यालाही काळजी आहे असे दिसते.

सौ. मंजुळेचे बोलत असते, मी ऐकत असतो. मध्येच दोघेही रस्त्याकडे बघतो. ताप पाचव्या दिवशी उतरतो म्हणतात. आमच्या वेळी

शांताबाई, सगळी हकिकत नको. एक ओळ पुरे. रूथ कशी आहे, एवढेच कळवा. जे असेल ते कळवा, पण लवकर.