भट्टीवरची शाळा

ता. ४ नोव्हेंबर

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. सगळ्यांची खुशाली विचारलीस आणि माझ्या वाढत्या वजनाचीही, त्याबद्दल वहिनीच्या हातून एक चापट खा.

बातमी चांगली नाही. ओतकामाच्या भट्टीवरची आपली शाळा मालक बंद करतायत. त्या खोल्यांत यंत्रकामाचं प्रशिक्षण केंद्र निघणार आहे. हल्ली लिहितावाचता सगळ्यांनाच येतं, असं त्यांचं म्हणणं. अप्पांच्या तोंडावरच तसं बोलले. काका वाफेच्या नळाने भाजून गेला, तो ‘उघडू नका’ ही पाटी वाचता आली नाही म्हणून. तेव्हा अप्पांना स्वतःलाही सहीपलीकडे काही येत नव्हतं. तरी साच्याच्या वाळूवर बोटाने अक्षरं गिरवायची टूम त्यांनीच काढली, मास्तरीणबाईंना हातापाया पडून आणलं, आणि पाळी सुटली की माणसं घामेजल्या अंगाने तिथेच शिकायला बसू लागली. पुढे अप्पाच मास्तर झाले. तूही यंत्रांचे नकाशे वाचायला तिथेच शिकलास.

आता वर्गात येते ती एकटी इस्पितळातली धोबीण. तिच्यासाठी अप्पा धापा टाकत जिना चढतात.

आठवण ठेव, आणि उत्तराला आळस करू नकोस.

तुझी धाकटी,
ठिणगी

ता. १३ नोव्हेंबर

चि. ठिणगीस अनेक आशीर्वाद.

कसं लिहावं सुचत नाही, म्हणून सरळच लिहितो. त्या केंद्राचा प्रमुख म्हणून मालकांनी मलाच बोलावलं आहे. इथला कारखाना निम्मा बंद पडलाय. आज ना उद्या माझंही काम जाणार. वहिनी म्हणते, घरी परत जायला मिळतंय तर विचार कसला करायचा.

अप्पांच्या कानावर तू हळूच घाल. मला धीर होत नाही.

तुमचा सगळ्यांचा,
दादा

ता. २४ नोव्हेंबर

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. अप्पा चष्मा पुसत होते, तो पुसतच राहिले. मग एवढंच म्हणाले, “तिथे अक्षरओळख शिकवणार का, विचार त्याला.”

शाळेला कुलूप लागलं आणि अप्पांनी अंथरूण धरलं. छातीत कफ दाटतो. धोबीण आता घरीच येते. खाटेशी बसून एकेक शब्द लावते, अप्पा डोळे मिटून चुका काढतात. डोकं घरी ठेवून आलीस का, असं तिला विचारतात. तुझी हक्काची बोलणी आता ती खातेय.

उत्तर लवकर धाड. ते वाट बघतायत.

ठिणगी

ता. २ डिसेंबर

चि. ठिणगीस आशीर्वाद.

मालकांना विचारलं. ज्याला आधीच वाचता येतं त्यालाच केंद्रात घेणार. मी खूप वाद घातला. ते म्हणाले, जमत नसेल तर दुसरा माणूस तयार आहे. मी होकार दिला.

हवं ते बोल, पण अबोला धरू नकोस.

दादा

ता. ११ डिसेंबर

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तुला निरोप मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. ते मनाला लावून घेऊ नकोस. भट्टीवरच्या माणसांनी अप्पांना खांदा दिला.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं होतं. “करू दे. माझ्या वर्गातला आहे, नीट शिकवेल,” असं म्हणून ते भिंतीकडे वळले. त्यात अभिमान होता की आणखी काही, मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

काल धोबीण नेहमीच्या वेळी दारात उभी. मी पाळीला निघाले होते. म्हटलं, आता शिकवायला कोणी नाही, मला संध्याकाळचं काम असतं. तिने मान हलवली, पुस्तक पदरात गुंडाळलं. पायरी उतरली आणि थांबली. म्हणाली, जोडाक्षरं राहिली. सगळी नकोत, पण लेकीच्या नावात एक आहे, तेवढं तरी दाखवा.

उंबऱ्यावर बसून मी ते तिला काढून दाखवलं. तिने ते पुन्हा पुन्हा गिरवलं. बरोबर आलं तेव्हा ती रडली नाही, मीच रडले. कामावर खाडा पडला.

तू ये. खोली झाडून ठेवली आहे.

तुझीच,
ठिणगी