उघाडीमागची हिरवळ

आई, तू जाऊन किती वर्षं झाली, पण आजचा राग काढायला दुसरं माणूस सुचेना. मिठागरात तू मीठ ओढायचीस आणि मी बांधावरून शेकाट्यांना, त्या लाल लांब पायांच्या पाखरांना, दगड मारायचे. एकदा हातातलं टाकून तू तरातरा येतेस, माझं मनगट धरतेस. "पानी उतरलं का चिखल उघडा पडतो, त्यात त्यांचं पोट हाय. तुझ्या ताटात कोनी दगड टाकला तं?"

भरतीचं पाणी आत घेणारी आपली उघाडी, बांधातलं ते लाकडी दार, मधे कुणीतरी कायमचं बंद करून टाकलं. मागे पाणकणीस माजलं, पुरुषभर उंच. चिखल दिसेना, पाखरं येईनात. दार उघडा म्हणून आम्ही गावाने अर्ज केला, त्याची आज पंचायतीत सुनावणी होती. सुनावणीला आलेल्या सरकारी साहेबांनी भिंतीवर उपग्रहाचे दोन फोटो लावले, जुना आणि नवा. नव्यात आपलं खाजण, बांधामागची ती खारी जमीन, लालभडक. "ह्यात लाल म्हणजे हिरवं, मावशी. झाडोरा वाढलाय. पाखरांची जागा सुधारली, दार उघडायचं कारण नाही."

"मग साहेब, फाटकावर लाल दिसलं की गाडी घालू का?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. माझं डोकं मात्र तापलं. चौथी शिकलेली मी, पण सर्व्हेला आलेल्या पोरीबरोबर बांधोबांध हिंडून असले फोटो वाचायला शिकलेय. उभीच राहिले. "शेतात तण माजलं तर पीक आलं म्हणता का? ह्यात एक पाखरू दाखवा मला."

"एवढ्या वरून पाखरं दिसत नाहीत, मावशी."

"मग सुधारलं कशावरून म्हणता?"

त्यांनी शांतपणे एक कागद पुढे केला. जागेवर लिहिलेली नोंद. आपल्या खाजणापुढे: दाट हिरवळ, चांगली. माहिती देणारी म्हणून खाली माझीच सही.

"मावशी, तिथे काय आहे?" एवढंच सर्व्हेच्या त्या पोरीने विचारलं होतं. पाहुणीला आपलं गाव चांगलं दिसावं म्हणून मी बोलून गेले. आधी तिथे काय होतं, हे तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पण म्हणून एका बाईच्या कौतुकाच्या शब्दावर पाखरांचं पोट कायमचं बंद करायचं? उद्या दुसरा अर्ज देतेय, माझा शब्द मागे घेते म्हणून. तो पोचेल. तुला लिहिलेला हा कागद कुठे पोचायचा!

साहेबांसमोर बोलले नाही ते तुला सांगते. पोरीने विचारलं त्या दिवशी मी बांधावरूनच बोट दाखवलं होतं, खाली उतरलेच नव्हते. पायांत नव्या चपला होत्या.