आमटी कुठल्या पानावर आहे?

निघोजे, बुधवार

तीर्थस्वरूप आक्काच्या पायावर धाकट्या मालोजीचं डोकं.

आधी सगळ्यांची खुशाली कळव. तुझे गुडघे कसे आहेत? (डावा जास्त दुखायचा की उजवा, हे आता आठवत नाही, म्हणून दोन्हींची विचारतोय.) चिरंजीव जयदीपची साखर उतरली का, की पंगतीत जिलबी आली की त्याला अजून डॉक्टरचा विसर पडतो? सूनबाई रुपालीची पाठ शिलाई मशीनवर बसून धरायची, ती सुटली का? नातू सनी एव्हाना पळत असेल. (तो झाला तेव्हा तुझ्याकडून पेढे आले नाहीत, पण बातमी मंचरच्या एका कांदेवाल्याकडून चाकणच्या बाजारात मला बरोबर पोचली. मी माझे मीच पेढे घेऊन खाल्ले.) गोठ्यातली कपिला व्याली का? आणि आक्का, तुझ्या रागाची तब्येत कशी आहे? तीन वर्षं झाली, आता त्यानंही जरा अंथरूण धरायला हरकत नाही.

माझ्या पूनमच्या लग्नात आत्याच्या नावाची हाक पडायची राहिली आणि मानाची साडी नवरदेवाच्या मावशीच्या हातात गेली, हे काही मी मुद्दाम केलं नव्हतं. पण तू न जेवता उठलीस तेव्हा चारचौघांत मी जे बोललो, "जायचं तर जाऊ द्या तिला," ते मात्र माझंच होतं. त्या दिवसापासून तू बोलत नाहीस आणि मी बोलवत नाही. निघोज्याहून मंचर म्हणजे एका एसटीचा पल्ला, पण रुसव्याच्या रस्त्यावर एसटी चालत नाही. हे पत्र तू वाचशील की चुलीत घालशील, ठाऊक नाही. घालायचंच असेल तर निदान वाचून घाल. आत एक फजिती आहे, आणि माझी फजिती ऐकायला तुला लहानपणापासून आवडतं.

कंपनीची नोकरी सुटल्यापासून मी इथल्या विद्यापीठाच्या दोन नंबर गेटवर बसतो. निळी टोपी, शिट्टी, आणि एक रजिस्टर, ज्यात पोरं स्वतःचं नाव सोडून बाकी सगळ्यांची नावं लिहितात. इथं चार हजार पोरं आहेत. कोणी नांदेडचं, कोणी रत्नागिरीचं, कोणी पार बिहारचं. मेसमध्ये एका बाकावर चौघं जेवतात आणि चौघंही आपापल्या मोबाईलकडं बघून हसतात. (आपल्या लहानपणी असं एकटं हसणाऱ्यावरून मीठमिरच्या उतरवायचे.) यावर मोनिका मॅडम म्हणून एक तरुण प्राध्यापिका आहेत, त्यांनी तोड काढली. कुलगुरूंपासून माळ्यापर्यंत सगळ्यांनी सहा आठवड्यांत एकच पुस्तक वाचायचं, गटागटानं बसून त्यावर बोलायचं, आणि शेवटी मोठ्या हॉलमध्ये लेखिकाबाईंसमोर जमायचं. एकाच गोष्टीवर सगळे बोलायला लागले की माणसं एकमेकांची होतात, असं मॅडमचं म्हणणं. मला पटलं. गावात बोअरला पाणी लागलं की नाही, एवढ्या एका विषयावर आपण दोन उन्हाळे काढलेत.

पुस्तक म्हणजे दगडू नावाचा भाऊ आणि कौसा नावाची त्याची थोरली बहीण यांची गोष्ट. एका शब्दावरून दोघांचं बोलणं तुटतं, आणि पुढची दोनशे पानं दोघंही समोरचं आधी बोलेल म्हणून वाट बघतात. (पुस्तक मी निवडलं नाही, आक्का. मॅडमनी निवडलं. तुझ्या गळ्याची शपथ.)

आमच्या गटात बागेतल्या छबूबाई, मेसमध्ये चपात्या लाटणाऱ्या शालनबाई, बसचा ड्रायव्हर समाधान, जो बीडकडचा आहे, आणि मी. वाचता येणारे म्हणजे समाधान आणि मी, त्यात समाधान फक्त पाट्या वाचतो. मी चौथी पास असलो तरी भज्यांच्या पुडीचा कागदसुद्धा न वाचता टाकत नाही, हे मॅडमनी हेरलं होतं, म्हणून वाचायचं काम माझ्याकडं आलं. चहाच्या वेळेला पंपघराच्या सावलीत बसायचं ठरलं. पहिल्या दिवशी जाऊन बघतो तर छबूबाईंनी पालथ्या क्रेटवर लाल कापड घालून पुस्तक मांडलेलं, वर हळदकुंकू, पुढं नारळ. शालनबाईंनी चपला दहा पावलं लांब काढायला लावल्या. मी म्हणालो, बाई, ही पोथी नव्हे, हे साधं पुस्तक आहे. तर छबूबाई म्हणाल्या, "सगळ्यांनी मिळून वाचायचं म्हंजी पारायणच की! उगं शाणपना नका शिकवू."

मग पारायणाचे सगळे नियम आपोआप लागू झाले. मधलं पान गाळायचं नाही, वाचताना टेकायचं नाही, आणि धडा पुरा झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. हा शेवटचा नियम महागात पडला. तिसऱ्या दिवशी धडा लांबला आणि तळेगाव स्टेशनला जाणारी बस चाळीस मिनिटं जागची हलली नाही, कारण ड्रायव्हर मांडी घालून बसलेला. पोरं भांडायला आली. सार्थक नावाचा एक ताडमाड पोरगा ओरडला, "काका, माझी लोकल जाईल ना!" समाधान डोळेसुद्धा न उघडता म्हणाला, "धडा संपल्याबिगर उठायचं नसतंय. बसा खाली, न्हाईतर उभ्यानं ऐका." ती आधी उभ्यानं ऐकत राहिली. मग बसली. दुसऱ्या दिवशी बोलावल्याशिवाय आली. (शालनबाई प्रसादाला शेंगदाण्याचे लाडू आणायच्या, हे कारण मी लपवत नाही.) चौथ्या आठवड्यात साठ-सत्तर डोकी झाली. बिहारचा पोरगा रत्नागिरीच्या पोरीला मराठी शब्दांचे अर्थ विचारायला लागला, आणि रजिस्टरमध्ये खरी नावं यायला लागली.

आता माझं पाप ऐक. शेवटचा धडा मी आदल्या दिवशी घरी वाचून घेतला. दगडूला उपरती होते, तो एसटीतून उतरतो, बहिणीच्या गल्लीत शिरतो, तर दारासमोर माणसं खाली बघत बसलेली, आणि त्याला वाट करून द्यायला सगळी उठतात. झालं. संपलं पुस्तक. आक्का, आपल्यात वाचन कधी वाईटावर मिटतात का? मृत्यूचा प्रसंग आला तर पुढं काही चांगलं येईपर्यंत वाचत राहायचं आणि मगच कापड झाकायचं. पण या लेखिकाबाईंनी पुढं काही लिहिलंच नव्हतं! पुढं एक कोरं पान होतं. मग दुसऱ्या दिवशी दारासमोरची माणसं गाळून मी सगळ्यांपुढं ते कोरं पान वाचलं.

त्यात दगडू दारात उभा राहतो, आणि कौसा चुलीपुढून मान न वळवता म्हणते, आलास? हात धू. मग ती त्याला पुरणपोळी वाढते आणि कटाची आमटी. खोबरं किती भाजलं, मसाला कुठला, वर तवंग कसा आला, सगळं वाचलं. कोऱ्या पानावर जागा भरपूर असते. बाया पदर डोळ्याला लावून रडल्या, पोरांनी टाळ्या वाजवल्या, नारळ फुटला, आणि मी सुटलो, असं मला वाटलं.

मोठ्या हॉलमध्ये अकराशे खुर्च्या. व्यासपीठावर कुलगुरू, मॅडम आणि लेखिकाबाई. कुणाला काही बोलायचंय का, असं विचारल्यावर एकही हात वर नाही. (अर्ध्यांनी पुस्तकाचा सारांश मोबाईलवर वाचलेला, उरलेल्यांनी तोही नाही.) तेवढ्यात छबूबाई उठल्या. माईक दोन्ही हातांत धरून त्या म्हणाल्या, "बाई, समदं झ्याक लिवलंय तुमी. पर ती आमटी! वाचताना त्वांडाला पानी सुटलं बगा."

लेखिकाबाई म्हणाल्या, "कुठली आमटी?"

"शेवटाला न्हाई का, कौसाबाई वाढत्यात ती!"

आमच्या साठ-सत्तर पोरांनी हात वर करून साक्ष दिली, हो हो, आमटी आहे, कटाची. बाई बिचाऱ्या स्वतःच्याच पुस्तकाची पानं पुढंमागं करून आमटी शोधायला लागल्या. मोनिका मॅडम पांढऱ्याफटक. मागून कुणीतरी हसलं, आणि छबूबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला लांबून दिसल्या. अडाणी बाई काहीतरी बरळली, असं अकराशे लोकांना वाटायच्या आत मला उठणं भाग होतं. उठलो. टोपी काढली. म्हणालो, आमटी माझी आहे. छबूबाईंनी ऐकलं ते बरोबर ऐकलं, मीच वाचलं ते खोटं वाचलं. आमच्यात वाचन वाईटावर मिटत नाहीत, आणि बायांना वाईट वाटू नये म्हणून केलं.

मला वाटलं छबूबाई रडतील. त्या माईकवरूनच म्हणाल्या, "मालोजीभाऊ, नवऱ्याला पोचवून आल्याव तिसऱ्या दिशी मी कामाव उभी व्हते. मला कागदावरचं मरान झेपत न्हाई व्हय? तुमाला झेपलं न्हाई, असं म्हना की! वाचा आता खरं काय ते."

खरंच बोलल्या. मी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागलो. एसटीतून उतरला, तिथपर्यंत आवाज ठीक होता. गल्लीत शिरलो आणि अक्षरं दिसेनात. मग मोनिका मॅडम उठून म्हणाल्या, सगळ्यांनी आपापल्या पुस्तकातलं शेवटचं पान काढा, आपण मिळून वाचू. आक्का, अकराशे पुस्तकं एकदम उघडली, आणि त्यातली निम्मी पहिल्यांदाच, कारण नवी पानं सुटल्याचा कडकड आवाज वाळलेल्या शेंगा फोडल्यासारखा हॉलभर झाला. मग सगळ्यांनी ते पान वाचलं. छबूबाई ऐकत उभ्या राहिल्या, शेवटच्या ओळीला त्यांनी हात जोडले, आणि कुलगुरूंसकट कुणी टाळी वाजवली नाही. लेखिकाबाई जाताना माझ्याजवळ थांबून एवढंच म्हणाल्या, "आमटी चांगली होती हो. पण खोटी होती." आणि पोरं मला आता आमटीकाका म्हणतात.

इकडं सगळं क्षेम. घरच्यांचा तुला नमस्कार.

तुझा धाकटा,
मालोजी

ता. क. छबूबाईंनी त्या दिवशी गेटवर येऊन विचारलं, तुमाला बहीण किती? मी एक म्हणालो. पुढं त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं बघितलं. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ता. क. दोन. मांडवात जे बोललो ते चुकलं. हे वाक्य पहिल्याच ओळीत लिहायला बसलो होतो, पण हात मधेच गुडघ्यांकडं वळला.

ता. क. तीन. पत्र पोस्टात टाकायला गुरुवारी सकाळी निघालो. पोस्टातला माणूस म्हणाला, चार दिवस लागतील, जास्तही लागतील. शेवटचं पान मी नुकतंच वाचलेलं, मला चार दिवस फार वाटले. समोर मंचरची एसटी उभी होती. तर आक्का, मी तुझ्या ओट्यावर बसलोय. जयदीपची गाडी दारात नाही, आत भांडी वाजतायत, म्हणजे तू घरात आहेस आणि तुझ्या हाताला जोर आहे, एवढं कळलं आणि जिवात जीव आला. दार नुसतं लोटलेलं आहे, पण तुझ्या शब्दाशिवाय मी ते ढकलणार नाही. पत्र फटीतून आत सरकवतोय. उत्तर मात्र लवकर लिही, ओट्यावर ऊन यायला लागलंय.