वहीवरची पांढरी पट्टी

पंचवटी, नाशिक

प्रिय तेजश्री,

हे नाव मी आज प्रथमच लिहितो आहे. अक्षर कापरे दिसेल; त्याचा भावविवश अर्थ लावू नयेस. उजवे मनगट मोडले होते. घडले ते क्रमाने सांगतो, कारण क्रम सुटला की माणूस स्वतःच्या सोयीचे तेवढेच सांगू लागतो.

प्रथम, सहा वर्षांपूर्वी तू मुलगा नसून मुलगी आहेस हे तू मला सांगितलेस आणि मी तुला घराबाहेर जायला सांगितले. त्यानंतर पुण्याहून आलेले तुझे एकमेव पत्र मी शुद्धलेखनाच्या अकरा चुका लाल शाईने दाखवून परत पाठवले. त्यानंतर, आपल्या कुळातला प्रत्येक मुलगा मुंज झाल्यावर ज्या वहीत स्वहस्ते नाव लिहितो, त्या वहीतल्या तुझ्या जुन्या नावावर मी पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली. हे तुला ठाऊक नाही. पुढे बराच काळ काहीच घडले नाही. आणि गेल्या पौषात त्याच वहीची पेटी माळ्यावरून उतरवताना मी स्टुलावरून पडलो. मनगट मोडले, वहीची शिवण उसवली.

प्लास्टर निघाल्यावर रोज सकाळी व्यायामासाठी दवाखान्यात जाऊ लागलो. तिथे माझा हात धरायला छाया नावाची व्यायाम करवून घेणारी आली. तिचा जाडसर आवाज ऐकताच ही तुझ्यासारखीच, असा मी निष्कर्ष काढला आणि डॉक्टरांकडे दुसरे कोणी मागितले. ते तिने ऐकले. म्हणाली, "बसा हो काका, मनगटच वाकवायचंय, तुम्हाला नाही." चाळीस वर्षे संस्कृत शिकवलेला मी विद्यार्थ्यासारखा बसलो.

ती हात कोमट, वितळलेल्या मेणात बुडवून ठेवायला सांगत असे. खिडकीबाहेर गोदेवरचे धुके हळूहळू विरत असे आणि त्या उबेत माझे डोळे मिटत. मग वहीची पाने आपोआप उलटत. आजोबा, पणजोबा, त्यांचेही पणजोबा ओल्या पंच्यांनी घाटाच्या पायऱ्या चढून येत आणि ओळीने उभे राहत. ओळीत एका ठिकाणी माणसाऐवजी पांढरा चौकोन असे. त्याच्याकडे सगळे पाहत, मग माझ्याकडे. डोळे उघडले की हातावर मेणाचा पांढरा मोजा चढलेला असे आणि छाया तो अलगद सोलत असे.

शेजारच्या बाकावर नूरभाई असत. जुन्या नाशकातले बाइंडर. पुस्तके दाबता दाबता त्यांचा खांदा धरला होता. ते दहाच्या जागी सात वेळा हात उचलत आणि वर मलाच सांगत, "गुरुजी, तुम्ही मोजू नका ना, आपला धंदा बसेल." छाया म्हणे, "एक काका चोर, एक काका पोलीस. मी कुणाला आवरू?" मी हसत नसे. पण एका सोमवारी ती आली नाही, दुसऱ्या कुणी माझा हात धरला, आणि तो परका वाटला. मंगळवारी ती आल्यावर मी म्हणालो की काल मोजदाद चुकली. ती म्हणाली, "आठवण आली असं म्हणा की, काका. जीभ झिजत नाही." मग बोटे दाबता दाबता सहज सांगावे तसे तिने सांगितले की तिचे वडील सुरगाण्याकडे असतात. "फोन उचलतात, बोलत नाहीत. मी श्वास ऐकते अन् ठेवून देते." मला तुझे न उचललेले फोन आठवले. मी तर श्वासही ऐकू दिला नव्हता.

वहीची शिवण उसवल्याचे माझ्याकडून ऐकून ती नूरभाईंकडे द्यायचे छायानेच सुचवले. आपल्या वहीला परक्याचा हात लागत नाही, हे मी तिला ऐकवले. तिने माझ्या मनगटाकडे पाहिले. ते तिच्याच हातात होते.

मी वही नेली आणि लक्ष ठेवायला दुकानात बसून राहिलो. नूरभाई पाने ओलसर करून, वाफ देऊन जुने जोड सुटे करीत होते. तुझे पान आले. पट्टी म्हणजे कुणीतरी केलेली ओबडधोबड डागडुजी, असे समजून त्यांनी ती सुरीच्या पातळ पातीने अलगद उचलली. खाली तुझे आठ वर्षांचे अक्षर जसेच्या तसे होते. ते चकित झाले. "ये पट्टी कायको, गुरुजी? कागद तर फाटलाच नव्हता." त्यांनी आवाज खाली आणला. "मुलगा... गेला का?"

मी म्हणालो, "नाही. मुलगी आहे. पुण्यात असते."

ते वाक्य मी तुझ्यासमोर, तुझ्या दिवंगत आईसमोर, देवासमोर कधी उच्चारले नव्हते. ते एका बाइंडरसमोर, खळीच्या वासात उच्चारले. नूरभाईंनी मान हलवली, पातीचे टोक पुसले आणि म्हणाले, "मग खाली जागा आहे की."

जागा आहे, पण नियम नाही. त्या वहीत मुलींची नावे लिहीत नाहीत. माझ्या सख्ख्या बहिणीचे, तुझ्या मालिनीआत्याचे, नाव वहीत नाही, हे मला एकाहत्तराव्या वर्षी दिसले. मुलगा म्हणून तुला जागा होती. मुलगी म्हणून मी तुला मानले तर वही तुला मानत नाही. तीन दिवस विचार केला. नियम चुकीचा आहे. मीही चुकलो, आणि आधी मी.

म्हणून हे पत्र. सोबत वहीच्या मापाचे कोरे पान पाठवतो आहे. नूरभाईंनी शिवण अजून आवळलेली नाही. तुझ्यासाठी धरून ठेवली आहे. पहिल्या ओळीत मालिनीने परवा तिचे नाव लिहिले आहे. लिहिताना ती रडली. खालची ओळ तुझी. तुझे जुने नाव या पत्रात मी लिहिलेले नाही, पुढेही लिहिणार नाही. ते वहीत राहावे की नाही, हे तूच ठरव. पान घेऊन स्वतः आलीस तर दार उघडे असेल. येणार नसलीस तर तसे कळव. मला दोष देण्याचा तुला अधिकार आहे. मात्र फोन नको, निरोप नको. उत्तर लेखी हवे, तुझ्याच अक्षरात. लाल शाईची दौत मी टाकून दिली आहे.

तुझाच,
बाबा