उष्ट्याचं चित्र

सोमवार, ६ फेब्रुवारी १८८२

शी! अजून वास जात नाही. हात दोनदा धुतले, मिशा साबणाने चोळल्या — तरी आहेच. आंबलेला रस्सा, शिळी मासळी, आणि त्यात कुठून तरी व्हॅनिला!

पण विषय सापडला. बारा वर्षं या बाजारात कोबी रंगवले, फुलवाल्या रंगवल्या, कोळणी रंगवल्या. लोक म्हणतात, वा, किती टवटवीत! हा शब्द ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. आता उष्टं रंगवणार. मोठी हॉटेलं, मंत्र्यांची घरं, वकिलाती — सगळीकडून सकाळी बादल्या येतात. ताटांत उरलेलं सगळं एकत्र ओतलेलं. गोर्ज्यू मावशी तळघरात बसून ते निवडते, पुसते, बश्यांत मांडते, आणि दुपारी माणसं ते विकत घेऊन खातात. उभ्याउभ्या! बाजारात असल्या विकणाऱ्यांना 'जवाहिरे' म्हणतात. काय ते दागिने! बदकाचा पंख, आणि त्याला चिकटलेला केक.

सहा फुटी कॅनव्हास सांगून आलो. वीस मार्चच्या आत सालोंच्या वार्षिक चित्रप्रदर्शनाला पोचवायचं. सलग दोन वर्षं माझं चित्र परत पाठवलंय. तिसऱ्यांदा परत आलं तर उरलेला जन्म बायकांच्या पंख्यांवर गुलाब काढत बसायचं.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

मावशीकडे कात्री असते. दाताची खूण दिसली की तेवढी कड कातरते, मग चांगली बाजू वर करून बशीत ठेवते, वर पार्सलीची काडी. नाकाला रुमाल लावला तर सगळा बाजार हसला. मावशी म्हणाली,

"अहो रंगारीबुवा, दात दिसले की गिऱ्हाइकाला घास उतरत नाही! आणि तुम्ही काय वेगळं करता हो? सडकी पानं काढून टाकता नि मग कोबी रंगवता. मी पाहिलंय!"

दीडदमडीची बाई! दिवसभर डोक्यातून गेली नाही.

रविवार, १२ फेब्रुवारी

जेवताना बायकोला, क्लोतील्दला, सगळं सांगितलं. एक गवंडी कोणाची तरी अर्धवट चघळलेली तंगडी कशी चोखत होता ते तर करून दाखवलं. तिने चमचा खाली ठेवला. "जेवताना नको हो." फार नाजूक आहे बिचारी.

कोंबडी मात्र छान झाली होती. हिवाळा लागल्यापासून तिच्या हाताला चव आली आहे, हे कबूल करायला हवं. कुठल्याशा शेजारणीकडून शिकली म्हणते. पण रोज एकच प्रश्न — "मीठ बरोबर आहे ना?" रोज! बरोबर आहे म्हणून किती वेळा सांगायचं? स्वतः सूप-पावावर भागवते. "दुपारचं अजून पचलं नाही," हे तिचं ठरलेलं उत्तर.

बुधवार, १५ फेब्रुवारी

मधला खाणारा माणूस जमत नाही. बाकी चित्र उभं राहिलं, त्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता करडा डाग.

पोझ द्यायला एक जण आणला. जन्मभर देवळांतल्या चित्रांसाठी संत योसेफ झालेला! घास तोंडात घातला की डोळे आपोआप आभाळाकडे. त्याला हाकलला. मला त्या चेहऱ्यावर शरम हवी आहे. परक्याचं उष्टं खाणाऱ्या जनावराची शरम.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

चित्रांचा दलाल वेर्दिये येऊन गेला. चित्रापुढे उभा राहून त्याने खिशातली अत्तराची बाटली हुंगली. म्हणे, "माणसं जेवणघरात टांगायला चित्र घेतात, महाराज. तिथे कालवं ठेवा. ताजी. आणि ही म्हातारी जरा तरुण करा."

मी त्याला जिना दाखवला. मग तासभर बसून विचार करत होतो, कालवं कुठे बसतील. स्वतःचीच किळस आली.

बुधवार, २२ फेब्रुवारी

कार्निव्हल काल संपला. आज उपासाचा पहिला दिवस, कपाळावर राख लावलेली माणसं — आणि मावशीच्या बादल्या काठोकाठ! दुपारी रेटारेटी. एका बाईने दुसरीच्या हातातली बशी ओढली.

एक बशी मावशीने फडक्याखाली झाकून ठेवली होती. मी विचारलं, ही कोणाची?

"आहे एक नेमाची. तीननंतर येते, गर्दी हटली की. स्वच्छ बाई, घासाघीस नाही. तिचा नवरा नाजूक पोटाचा. पण माझ्याकडचं खायला लागल्यापासून गाल वर आलेत म्हणे!"

"त्याला ठाऊक आहे?"

"छे हो! त्याला वाटतं बायको रांधते."

धन्य तो नवरा! ताटात काय आहे ते दिसत नाही, मग डोळे कशाला दिलेत देवाने?

गुरुवार, २ मार्च

आज खेकड्यासारखा मोठा नांगा मिळाला — लॉबस्टरचा. टोक तुटलेलं, पण रंग काय! बारा ते दोन तेवढाच रंगवला. रंग ताडून पाहायला कुंचला जवळ नेला तर निळ्या रंगाचा थेंब नेमका त्याच्या सांध्यावर पडला. मावशी धावून आली. "अहो, ती नेमाच्या बाईची बशी! आज पहिल्यांदाच एवढं चांगलं काढून ठेवलंय तिला!" मी चिंधीने पुसलं. ठीक आहे, त्या आंधळ्या नवऱ्याला कळणार थोडंच.

त्याच दिवशी, संध्याकाळी

ताटात नांगा होता. टोक तुटलेला. सांध्यात निळा ठिपका.

शुक्रवार, ३ मार्च

जेवलो नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

शनिवार, ४ मार्च

किती दिवसांपासून? नाताळातले भाजलेले लावा पक्षी! माझ्या वाढदिवसाचं बदक — ते खाऊन मी तिच्या हाताचं चुंबन घेतलं होतं. कोणी तरी राजदूत दात कोरून उठला असेल, त्याचं!

आणि मी स्वतःला पाहणारा म्हणवतो. आमच्या घरात कांदा परतल्याचा वास शेवटचा कधी आला होता? आठवत नाही. काल ती नसताना स्वयंपाकघरात गेलो. मोठी कढई कोरडी, तिच्या मुठीवर धूळ. टेबलाच्या खणात कात्री.

तिला बोललो असतो तर फार वाईट बोललो असतो. माझ्या बायकोने मला उष्टं खाऊ घातलं! परवा कागदावर हे वाक्य लिहिलं, मग टरकावलं. आज परत लिहिलं.

मंगळवार, ७ मार्च

बाजारात गेलो, पण रंगपेटी न घेता. मावशीला सहज विचारावं तसं विचारलं — ती नेमाची बाई, स्वतःला काय नेते?

"स्वतःला? काही नाही. एकच बशी नेते."

"कधी दोन?"

"एकच हो. नेहमी एकच. म्हणते, नवऱ्याने मोठं काम काढलंय, उभं राहून राहून त्याचे पाय भरतात, त्याला ताकद हवी." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "काय झालं, रंगारीबुवा? आज नाकाला फडकं नाही?"

मी तसाच निघालो. सूप-पाव. चार महिने ती सूप-पावावर आहे आणि मी तिच्यासमोर गवंड्याची नक्कल करून दाखवली. आज जी किळस येते आहे, ती अन्नाची नाही.

शुक्रवार, १० मार्च

दहा दिवस राहिले. चेहऱ्याच्या जागी अजून डागच. जेवतो. ती विचारते, मीठ बरोबर आहे ना? मी म्हणतो, बरोबर आहे.

मंगळवार, १४ मार्च

दुपारच्या उजेडात आरसा चित्राशेजारी उभा केला. ताट तिथेच मागवलं. एक घास, एक फटकारा. तासाभरात चेहरा जमला. शरम कुठेच नव्हती. भूक लागलेला माणूस चवीने जेवत होता, एवढंच.

वळून पाहिलं तर क्लोतील्द दारात. पांढरीफटक. ती चित्राकडे बघत होती, चित्रातल्या मावशीच्या कात्रीकडे. "मीठ..." म्हणाली.

मी दुसरी खुर्ची ओढली. ताटात उरलेल्या माशाचे दोन भाग केले. चांगला तिला वाढला, कातरलेला मी घेतला.