चार्जरची शिट्टी आणि माझे तिखट कान

सोमवार, ३ तारीख

लेकी, माझं औषध आणायला गेलीस आणि झाडू घेऊन आलीस, अशा तुझ्या लक्षात फोनवरचं काय राहणार? म्हणून ही रोजनिशी. मी बोलते, शेजारच्या मास्तरीणबाई लिहितात. मला ऐकू कमी येतं, असं तुझं म्हणणं. शुक्रवारी कानाच्या डॉक्टरीणबाई घरी येणार, आणि कान कच्चे निघाले तर मी ही खोली सोडून तुझ्याकडे यायचं. तुझ्याकडे मला पाहुणीसारखं सोफ्यावर बसवून ठेवतात. नको गं बाई. पण काळजी नाही. फोनच्या चार्जरची बारीक शिट्टी मला पलंगावरून ऐकू येते. मास्तरीणबाईंना येत नाही. मग बहिरं कोण?

मंगळवार, ४

चार्जर काढला. तरी सूंऽऽ. म्हणजे टीव्ही. बंद असतानाही कुरकुरतो मेला. त्याचाही प्लग काढला. उद्या शांतता.

बुधवार, ५

शांतता नाही. फ्रिजचा प्लग काढला. मग दारावरची बेल बंद केली. मास्तरीणबाई म्हणाल्या, काकू, आता घरात कुरकुरायला तुम्हीच उरलात. म्हटलं, लिहा गपचूप.

गुरुवार, ६

सगळं बंद, तरी सूंऽऽ! नाक्यावरच्या न्हाव्याचं मशीन असणार. बघ, किती लांबचं ऐकते मी! उद्या डॉक्टरीणबाईच काहीतरी शिकून जातील. दूधवाल्याने मात्र दांडी मारली. कोणी फिरकतच नाही. माणुसकी राहिली नाही.

शुक्रवार, ७, सकाळ

मास्तरीणबाई बाजारात गेल्यात, म्हणून हे मीच खरडते. केस विंचरून तयार. दहाला यायच्या होत्या, अकरा वाजले. घाबरल्या असतील.

दुपार

डॉक्टरीणबाई तासभर दार बडवत होत्या म्हणे. मास्तरीणबाई बाजारातून आल्या, त्यांनी त्यांच्याकडे ठेवलेल्या किल्लीने उघडलं. आपलं दारच जाड आहे. डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, सूं माझ्याच कानातली. बाहेरची एवढी बारीक शिट्टी मला आता ऐकूच यायची नाही. कानाला यंत्र बसवलं. बसवताच ते शिट्टी मारायला लागलं म्हणे. मास्तरीणबाईंनी कानावर हात ठेवले. मला काही ऐकू आलं नाही.

यंत्र लावा, बेल चालू ठेवा आणि खुशाल एकट्या राहा, असं सांगून डॉक्टरीणबाई गेल्या. म्हणजे जिंकले मीच.

फ्रिजमधलं सगळं नासलंय. तेव्हा दूध, दही नको. भाजलेले शेंगदाणे पाठव. आणि कुटून नको हं, अख्खेच पाठव. दात माझे अजून पक्के आहेत.