टेपमध्ये नसलेलं उत्तर

प्रिय गुरुजी,

तुम्हाला जाऊन आठ दिवस झाले, आणि मी तुमचं भाषण तपासायला बसलो आहे. तुम्ही असता तर चष्म्यावरून बघत विचारलं असतं, "वामन, पेपर तू कधीपासून तपासतोस?" पण उद्या दुपारी गावच्या शाळेत तुमची शोकसभा आहे. पाच वर्षांपूर्वी, निवृत्तीच्या दिवशी तुम्ही शिक्षण आणि नेतृत्व या विषयावर बोललात, ती टेप वाजवायची आहे. टेप मीच भरली होती. भोंगेही माझेच.

आज तुमसरचं माझं रेडिओचं दुकान अर्धं लावून घेतलं आणि तीनदा ऐकलं. पहिला भाग उत्तम आहे, गुरुजी. जड शब्द नाहीत, कोणाची हांजी हांजी नाही. पण तुमचे पुढारी कोण? तहसीलमधला बाबू, राइस मिलचा मुनीम आणि मी. "तो बघा वामन, मशीनपाशी बसला आहे. सातवी पास, पण स्वतःच्या हिमतीवर उभा आहे. याला म्हणतात नेतृत्व." पुढे टाळ्या आहेत. मी तेव्हा किती फुगलो होतो, काय सांगू.

तासाभराच्या त्या भाषणात तुमच्या हाताखालून गेलेल्या एकाही मुलीचं नाव नाही. रेडिओची घरघर ऐकून कोणता व्हॉल्व गेला ते सांगणारा मी, मला हे तेव्हा कसं ऐकू आलं नाही?

शेवटी तुम्ही म्हणता, "कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा." एका बाईचा आवाज येतो, "गुरुजी, रोवणीच्या..." मग खट्. लगेच आभार सुरू. लोकांना तो खट् कळणार नाही. मला कळतो, कारण बोट माझं होतं.

ती कौसल्या होती, तुमचीच विद्यार्थिनी. सगळ्या सभेसमोर तिने विचारलं, "गुरुजी, रोवणीच्या महिन्यात मी चिखलात होती अन् तुमच्या हजेरीत वर्गात होती. सातवीत नापास झाली तं घरच्यांनी शाळा सोडवली. मंग ते हजेरी कोणासाठी होती?"

तुमचा हेतू मला माहीत होता. धान रोवायला पोरी महिनाभर शेतात जायच्या, आणि दांडी फार झाली की पटावरून नाव कटायचं. ते कटू नये म्हणून तुम्ही 'हजर' लिहायचात. दयाच होती ती. 'रोवणीच्या' एवढं ऐकताच तुमची मान खाली गेली, ते मला बघवेना, म्हणून मी बटण दाबलं. मला रेडिओच्या दुकानात शिकायला तुम्हीच लावून दिलं होतं ना!

पण तुम्ही उत्तर दिलंत. पुस्तकी भाषा सोडून, घरच्यासारखं. "बाई, नाव राखलं मी, तुले नाही राखलं. तुले आणाले मी धानाच्या बांधीवर याले पायजे होतो." अख्ख्या भाषणातलं सगळ्यात खरं वाक्य, आणि मशीन बंद!

परवा कौसल्या दुकानात आली.

"भाऊ, माहा सवाल अन् गुरुजीचं उत्तर वाजवजा सभेत. माही रत्ना सातवीत हाय. सासू तिले रोवणीले घेऊन जाऊन राहिली. मी नाही म्हटलं तं म्हणते, मास्तर हजर लिहितेच ना, मंग काहून बोंबलतं? गुरुजीच्या तोंडून आइकलं तं मानन ते."

मी म्हणालो, "तेवढीच टेप खराब झाली." खोटं बोललो.

ती म्हणाली, "टेप झाली असन, भाऊ. तुमचे कान तं नाही ना झाले खराब?"

तिच्या मागोमाग शाळा समितीचे अध्यक्ष आले. खुर्चीवर बसलेही नाहीत. "वामनराव, भाषण वाजवा, आभार वाजवा अन् बंद करा. त्या बाईले माइक द्याचा नाही. नवे हेडमास्तर बी हजेरीचं तसंच चालवून राहिले. मेलेल्या माणसाचं कायले उकरता?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यांनाही कळलं नाही आणि मलाही.

गुरुजी, राग तुमच्यावरही आहे. ते उत्तर दिल्यावर पाच वर्षं तुम्ही त्याच गावात होतात. शाळेसमोरून रोज फिरायला जायचात. नव्या मास्तरांना एकदा तरी का नाही सांगितलंत? चूक कबूल केली की तुमचं ओझं उतरलं, आणि पोरी मात्र चिखलातच? आणि मी कोणत्या तोंडाने विचारतो आहे? मीही पाच वर्षं गप्पच होतो.

म्हणून शब्द देतो. उद्या तो खट् आला की मी मशीन थांबवीन, माइक हातात घेईन आणि आधी सांगीन की बटण मी दाबलं होतं. मग कौसल्येचा प्रश्न आणि तुमचं उत्तर, शब्दाला शब्द सांगीन. रत्नाची आजी बायकांत पुढेच बसेल. एक भोंगा तिच्या बाजूला वळवून बांधणार आहे. अध्यक्षांनी वायर उपटली तर बिनमाइकचा बोलीन, आवाज माझाही कमी नाही. तुमच्या नावाला डाग लागला म्हणतील. लागू द्या, गुरुजी. रत्ना परवा वर्गात बसलेली दिसली पाहिजे, हजेरीत नव्हे, बाकावर.

तुमचा विद्यार्थी,
वामन